विमानाला उशीर झाला म्हणून दहा हजार मिळत नाहीत

‘विमान दोन तास रखडलं की कंपनीने 10,000 रुपये द्यायलाच हवेत’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांत देशांतर्गत प्रवासात निव्वळ उशिरासाठी रोख भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्यांना खाणंपिणं मोफत मिळायला हवं. लोक काउंटरवर दहा हजारांसाठी भांडत बसतात आणि हे हक्काचं खाणं मागायचंच राहतं, याचं फार वाईट वाटतं. सोबत लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागा. रोख भरपाई आहे ती ऐनवेळी उड्डाण रद्द झालं किंवा कन्फर्म तिकीट असूनही बोर्डिंग नाकारलं तर, तीही अटींसह. कंपनी दाद देत नसेल, तर ‘एअरसेवा’ या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.