पट्टी काढण्याआधी पाना जरा खाली ठेवा

पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर वरचेवर फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात: ‘पुढच्या बंपरखाली लोंबणारी काळी पट्टी, म्हणजे एअर डॅम, हा कंपनीचा निव्वळ शो आहे. ती रेडिएटरची हवा अडवते म्हणून घाटात इंजिन तापतं. काढून टाका, ग्राउंड क्लिअरन्स वाढेल. ॲव्हरेजला काडीचा फरक पडत नाही. लावायचीच असेल तर लोखंडी लावून घ्या, एकदाच काय तो खर्च. दहा नंबरचा पाना आणि दहा मिनिटं पुरे.’

यातलं एक विधान जवळपास बरोबर आहे, एक अर्धवट आहे, बाकीची चूक आहेत. त्यातही घाटात इंजिन तापण्याचं खापर पट्टीवर फोडणं सगळ्यात महागात पडतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘पट्टी रेडिएटरची हवा अडवते’

पट्टी असते रेडिएटरच्या खालच्या कडेच्याही खाली. ग्रिलमधून येणाऱ्या हवेच्या वाटेत ती येतच नाही. उलट गाडी वेगात असताना तिच्यामागे, इंजिनच्या पोटाखाली, हवेचा दाब कमी होतो. रेडिएटरमधून हवा वाहते ती पुढचा दाब आणि मागचा दाब यांतल्या फरकामुळे. मागचा दाब उतरला की तीच हवा जास्त जोरानं ओढली जाते. पट्टी काढली तर खालून घुसलेली हवा इंजिन बेमध्ये तुंबते आणि रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट कमी पडते. 1980 च्या दशकातल्या अमेरिकन शेव्हर्ले कमॅरोमध्ये तर रेडिएटरला हवा मिळायची ती मुख्यतः खालून, याच पट्टीच्या आधारानं वर वळून. ती तुटली की महामार्गावर गाडी तापायची. पिकअपला पुढे मोठी ग्रिल असते, त्यामुळे इतकं टोकाचं होत नाही, पण तत्त्व तेच.

आता घाट. खंबाटकी किंवा दिवे घाटात भरलेली पिकअप दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 20-30 किलोमीटरनं चढते. या वेगाला पट्टी असली काय, नसली काय, हवेच्या दाबात म्हणण्यासारखा फरकच पडत नाही. तिथे हवा ओढण्याचं सगळं काम फॅनचं. म्हणून गाडी कधी तापते ते आधी बघा. सिग्नलला आणि चढावर तापते, सपाट महामार्गावर काटा खाली येतो, तर दोष फॅनकडे. ताशी 90 च्या पुढे सतत चालवल्यावर तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, वॉटर पंप दमलाय, किंवा खरंच पट्टी अथवा रेडिएटरभोवतीची रबरी सील गायब आहे.

व्हिस्कस कपलिंगचा फॅन (आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर इंजिनबरोबर फिरणारा) असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना तो हातानं फिरवून सोडा. दोन-तीन फेरे मोकळा फिरत राहिला, किंवा कपलिंगच्या मधोमध तेलकट काळे ओघळ दिसले, तर कपलिंग गेलं समजा. त्यानंतर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. दौंड-बारामती पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांत तिथे उसाचं पाचट आणि भुसा अक्षरशः गादीसारखा बसलेला सापडतो. तो इंजिनकडून बाहेरच्या दिशेनं, साध्या नळाच्या धारेनं काढायचा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर फिन आडव्या होतात आणि मग रेडिएटर स्वच्छ असूनही हवा जात नाही. बंपरचं काम झालेल्या गाडीत रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे फोमचे किंवा रबराचे पडदे परत बसवलेत का तेही पाहा. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त हरवणारा भाग तोच, आणि तो नसला की हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते.

‘ॲव्हरेजला काडीचा फरक पडत नाही’

पिकअपचं पोट कारसारखं सपाट नसतं. शिडीसारखी चासी, आडवे बीम, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर, मागे लटकलेली स्टेपनी: एवढ्या अडगळीतून हवा गेली की ती सगळीकडे आपटते. पट्टी त्यातली बरीच हवा खाली शिरण्याआधीच बाजूला वळवते. पट्टीलाही स्वतःचा रोध असतो, पण पोटाखाली वाचणारा रोध सहसा त्याहून जास्त भरतो.

किती फरक पडतो, याचा हिशेब घरी करता येतो. दोन टनांची डबल कॅब पिकअप, समोरचं क्षेत्रफळ साधारण 2.9 चौरस मीटर, रोध-गुणांक (आकारामुळे हवा किती अडते तो आकडा) 0.42 धरा. पुण्याच्या उंचीवर हवा थोडी विरळ, तीही हिशेबात घेतली. ताशी 40 ला हवेचा रोध येतो सुमारे 80 न्यूटन, 80 ला 330 आणि 100 ला 515. वेग अडीचपट झाला की रोध सहापटींच्या वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. टायरचा रोध मात्र साऱ्या वेगांना साधारण 235 न्यूटनच. पट्टीमुळे हवेचा रोध चार टक्के कमी होतो असं गृहीत धरलं, तर 100 च्या वेगाला एकूण रोधातले 20 न्यूटन वाचतात. इंजिनचं स्वतःचं घर्षण वजा करता डिझेलमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास. महिन्याला 1000 किलोमीटर महामार्ग, लिटरला 12 चं ॲव्हरेज, डिझेल 90 रुपये: वाचले दीडशे रुपये. काडीपेक्षा जास्त आहेत, पण त्यातून कोणी बंगला बांधणार नाही.

‘आम्ही काढून बघितली, फरक नाही’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांच्या मोजण्यात तो फरक दिसूच शकत नाही. पुणे ते इंदापूर जाऊन येऊन साधारण 270 किलोमीटर, म्हणजे 22 लिटर डिझेल. पंपाच्या नोजलचा ऑटो-कट एक लिटर अलीकडे-पलीकडे झाला, तरी साडेचार टक्क्यांची चूक. शोधायचा फरक दोन टक्क्यांचा! ज्या तागडीवर बटाटे तोलायचे त्यावर सोनं तोलण्यातला प्रकार. फरक बघायचाच असेल तर पट्टीसह निदान पाच टाक्या आणि पट्टीशिवाय पाच टाक्या, एकाच पंपावर, टायरची हवा थंड असताना सारखी करून, क्रूझवर 80 चा वेग ठेवून मोजा. आणि मुंबईच्या एकतर्फी फेरीवरून तर काहीच ठरवू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, जाताना उतारही हातभार लावतो.

शहरातल्या शहरात, हडपसर ते हिंजवडी अशा रांगत्या वाहतुकीत, फरक खरोखरच शून्य. मालवाहू नोंदणीच्या पिकअपला चौपदरी महामार्गावरही 80 ची मर्यादा आहे आणि भरलेल्या गाडीत टायरचा रोध वाढतो, म्हणजे हवेचा वाटा आणखी घटतो. वर मागे माल भरला की नाक वर येतं आणि पट्टी जमिनीपासून लांब जाते. फायदा उरतो तो खासगी नोंदणीच्या, रिकाम्या किंवा हलक्या, एक्स्प्रेसवेवर शंभरनं जाणाऱ्या डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या गाडीला.

‘कंपनीचा निव्वळ शो’

शो करायचा असता तर कंपनीनं क्रोम लावला असता, काळं रबर नव्हे. ‘प्रमाणपत्रापुरती लावतात’ हा याच आरोपाचा सौम्य अवतार. इंधनाची चाचणी रोलरवर होते हे खरं, पण रोलरला किती रोध लावायचा ते आकडे गाडी मोकळ्या ट्रॅकवर न्यूट्रलमध्ये सोडून, ती कशी मंदावते यावरून काढतात. म्हणजे हवा तिथे मोजली जातेच. आपल्याकडच्या चाचणीचक्रात वेग 90 पर्यंत जातो. वेताळ टेकडीला लागून एआरएआय, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था, असलेल्या पुण्यात तरी हा गैरसमज फिरू नये. आणि 2019 च्या रॅम 1500 ट्रकवर पट्टी चक्क मोटरवर चालते: ताशी 55 किलोमीटरच्या सुमारास सहा-साडेसहा सेंटिमीटर खाली येते, वेग उतरला की वर जाते. हळू चालताना ती नको आणि वेगात हवी, ही अडचण कंपनीनं खर्च करून सोडवली. आपण तेच काम पान्यानं करू शकतो.

‘ग्राउंड क्लिअरन्स वाढेल’

शब्द चुकलाय, मुद्दा बरोबर आहे. पिकअपचा क्लिअरन्स ठरतो बहुतेक वेळा मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या, गोळ्यावर, आणि तो पट्टी काढून तसूभरही वर जात नाही. वाढतो तो चढणीला तोंड लावण्याचा कोन. मोजायला सोपा: पुढच्या टायरच्या खालच्या पोटाला टेकवून दोरी पट्टीच्या कडेपर्यंत ताणा आणि मोबाइलमधल्या कोनमापकानं बघा. दोरी टायरला टेकते तिथून कड 60 सेंटिमीटर पुढे आणि 28 वर असेल तर कोन 25 अंश. आठ सेंटिमीटरची पट्टी काढली आणि बंपरची कड तिच्या नेमकी वर असेल तर 31 अंश. सहा अंश ही मोठी कमाई आहे. पाबे घाटातून आत शेतावर, खाणीत, नदीपात्रात गाडी घालणाऱ्यांनी पट्टी काढावीच.

स्पीडब्रेकरचं रडगाणं मात्र खोटं. भारतीय रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. सोसायटीवाले घालतात ते वरवंटे वेगळे, पण तेही 28 सेंटिमीटरवरच्या पट्टीला लागत नाहीत, कचकन ब्रेक मारून नाक खाली दाबलं तरच लागतात. पट्ट्या खऱ्या तुटतात त्या पार्किंगमध्ये. मोठ्या मालानं वर आलेलं नाक फुटपाथवर चढवलं, माल उतरवला, नाक खाली आलं आणि मागे घेताना पट्टी कडेत अडकून उपटली. किंवा पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वेगानं गेल्यावर: पाणी पट्टीला फावड्यासारखं मागे ढकलतं, दोन क्लिपा तुटतात आणि सैल टोक टायरला घासायला लागतं.

‘लोखंडी लावून घ्या’

हे अजिबात करू नका. पट्टी लवचीक असते ती दगड लागला की मागे वळून परत यावी म्हणून. तीन मिलिमीटरचा पत्रा वळत नाही, तो धक्का बंपरच्या ब्रॅकेटला आणि तिथून रेडिएटरच्या सपोर्टला देतो. पट्टीचे पैसे वाचवताना रेडिएटर जातो. पायी चालणाऱ्याच्या नडगीच्या उंचीला धारदार पत्रा हा तर सरळ गुन्हा. पुढे लोखंडी गार्ड लावण्यावर 2017 च्या डिसेंबरपासून कारवाईच्या सूचना आहेत, त्या याच कारणानं.

मूळ पट्टी मिळत नसेल तर कन्व्हेयर बेल्टच्या रबराची पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी चालते. रुंदी 8 ते 10 सेंटिमीटर, मागून 25 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, दर 15 सेंटिमीटरला एम-6 बोल्ट आणि मोठा वॉशर. भोकं आडवी लांबट करा, रबर उन्हात पसरतं. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायरपासून पाच सेंटिमीटर अंतर राहतंय ना, ते बघा.

‘दहा नंबरचा पाना, दहा मिनिटं’

काढायला दहा मिनिटं लागतात हे कबूल. पुढे काय होतं ते मजकुरात नाही. बऱ्याच गाड्यांत पट्टी आणि इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर एकाच बोल्टांवर असतं. पट्टी काढून बोल्ट तसेच कसले तर जाडी कमी झाल्यानं ते सैल बसतात, आणि काहींनी बोल्टच डब्यात टाकले तर कव्हरची पुढची कड मोकळी राहते. ताशी 80 ला वारा ती कड धरतो आणि कव्हर सोलून मागे लोळवतो. तेव्हा पट्टी काढल्यावर प्रत्येक भोकात वॉशर घालून बोल्ट परत लावा, हातानं बसल्यावर पाव फेराच कसा. यू-क्लिप (बोल्ट ज्यात बसतो ती पत्र्याची चिमटी) फिरायला लागली तर ती बदला, स्क्रू ठोकून वेळ मारून नेऊ नका. काढताना कडेपासून सुरू करून मधला बोल्ट शेवटी. काढलेली पट्टी भिंतीला टेकवून किंवा खिळ्याला टांगून ठेवू नका, सपाट ठेवा. उन्हाळ्यात ती वाकते आणि एक्स्प्रेसवेला जायच्या आदल्या रात्री परत बसवायला गेलात की शेवटची दोन भोकं जुळत नाहीत.