रीसेट झालेल्या मशीनवर शोधाशोध करू नका

‘डेटा उडाला, काय करू?’ असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, मशीन आत्ता चालू आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, हो, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड होतंय. ते ऐकून पोटात गोळा येतो. कारण ते सॉफ्टवेअर ज्या डिस्कवर उतरतंय, त्याच डिस्कवर त्यांच्या फायली आहेत.

घरच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत माझं मत पक्कं झालंय. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर रीसेटने, म्हणजे विंडोज पुन्हा कोरं करण्याने, जेवढं जात नाही, तेवढं नंतरच्या घाईने जातं. साधा रीसेट किंवा क्विक फॉरमॅट डिस्कवरचा मजकूर खरवडून काढत नाही, फाइल कुठे आहे याची नोंद पुसतो. इमारतीच्या खालच्या पाटीवरचं नाव पुसलं तरी माणूस वर खोलीत राहतोच, तसं. पण त्या खोलीत दुसरा राहायला आला की पहिला गेला. आणि रीसेटनंतर विंडोज लगेच स्वतःचे अपडेट उतरवायला घेतं, आपण ब्राउझर टाकतो, मग अँटिव्हायरस. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंवर लिहिली जाऊ शकते.

म्हणून आधी एवढंच बघा, सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर आहे का. कोणी फॉरमॅट न करता वरून नवीन विंडोज टाकलं असेल तर जुनं सगळं त्यातल्या ‘यूजर्स’मध्ये सापडू शकतं. ते लगेच पेन ड्राइव्हवर घ्या, कारण साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकतं. डी ड्राइव्हही उघडून बघा, बऱ्याचदा रीसेट फक्त सी वर झालेला असतो. दोन्हीकडे काही नसेल तर मशीन बंद. हार्ड डिस्क काढा, यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत, घाला (मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतं), दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि जे सापडेल ते तिसऱ्याच डिस्कवर उतरवा. फोटोरेक हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरीही २०२० पासून फुकट मिळतं, फक्त त्यात कमांड टाइप कराव्या लागतात.

परळला आमच्या मजल्यावरचे काका सोसायटीचे सेक्रेटरी होते. मशीन स्लो झालं म्हणून नातवाने ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ दाबलं. काकांनी मात्र लक्षात येताच सरळ स्विच बंद केला आणि मला हाक मारली. त्यांच्या या एका कृतीला मी आजही मानतो. फोटोरेकने हजारो फायली बाहेर काढल्या, पण नावं गेलेली. एफ आणि पुढे लांबलचक आकडा, एवढंच. एक वर्डची फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. नातू म्हणाला, ‘आजोबा, करप्ट आहे, उडवतो.’ मी त्याचा हात धरला. फाइल धडधाकट होती. काका कायम श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे आणि रीसेटमध्ये फॉन्ट गेला होता. माझ्याकडे तो होता. टाकला, मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट दिला आणि ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ हे शब्द जसेच्या तसे पुढे आले. काकांचा जीव भांड्यात पडला. पुनर्विकासाची बोलणी चालू होती, त्या ठरावांच्या टाइप केलेल्या प्रती दुसऱ्या कुणाकडेच नव्हत्या. मराठी घरांमध्ये, छोट्या छापखान्यांत, संस्थांच्या कपाटात अशा युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या आजच्या मराठीच्या, आधीच्या फायली किती पडून असतील! रिकव्हरीत असं काही दिसलं तर कृपा करून डिलीट करू नका.

एसएसडीची, म्हणजे नव्या मशीनमधल्या न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्कची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी खोटी आशा देत नाही. त्यात ट्रिम नावाची सोय असते. फाइल काढली की विंडोज ड्राइव्हला सांगतं, ही जागा मोकळी झाली, आणि ड्राइव्ह ती खरोखरच साफ करतो. मग कुठलंही सॉफ्टवेअर चालवा, हाती शून्यच लागतात. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रीसेटबरोबर जुनी किल्लीही जाते, म्हणजे विषय संपला.

भाचीच्या लॅपटॉपचं हेच झालं. तिथे आम्ही ड्राइव्हचा नाद सोडला आणि बाहेर शोधलं. प्रबंधाची प्रकरणं जीमेलच्या ‘सेंट’मध्ये निघाली, गाइडना पाठवलेली. फोटो मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, थोडे धूसर, पण होते. वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये काढलेल्या फायली ३० दिवस राहतात, तिथे दोन फोल्डर मिळाली. आधार आणि पॅनवर मी एक मिनिटही घालवू दिलं नाही, ती डिजिलॉकरमधून पुन्हा घेता येतात. दुसरीकडे कुठेच नाही असं नेमकं काय गेलंय, त्याची यादी आधी कागदावर करा आणि सगळा वेळ त्यावर द्या.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मशीन दुरुस्तीला दिलं की ‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे वाक्य किती सहज येतं! आत काय आहे, कॉपी घेतली आहे का, हे विचारायला अर्धा मिनिट लागत नाही. न विचारता फॉरमॅट मारणं हे निष्काळजीपणाचं काम आहे, आणि गिऱ्हाईक ज्येष्ठ असेल, त्याला कॉम्प्युटरची भाषा येत नसेल, तर ते अन्यायाचंही आहे. हे दुरुस्तीचं काम करणारे माझ्या वाचकांत बरेच जण आहात. तुमच्या पावतीच्या पुस्तकात ‘डेटा हवा / नको’ असा एक रकाना छापून घ्या आणि त्यासमोर गिऱ्हाइकाची सही घ्या. आणि ज्यांना मशीन दुरुस्तीला द्यायचंय, त्यांनी असा रकाना नसेल तर पावतीवर पेनाने लिहून घ्या, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.