विटलेली आबोली, उतरलेली जर

मला रंगांतलं काही कळत नाही, हे आमच्या लग्नाच्या बस्त्यापासून सिद्ध झालेलं आहे. दुकानात मी "त्या निळ्यांपैकी कुठलीही घ्या" असं म्हणालो आणि दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या मते समोर तीन निळ्या साड्या होत्या. त्यांच्या मते एक चिंतामणी, एक मोरपंखी आणि एक जांभळ्याकडे झुकणारी होती. निळी एकही नव्हती. तेव्हापासून रंगांच्या बाबतीत मला कुणी काही विचारत नाही, फक्त पिशव्या धरायला नेतात.

असं असूनही यंदाच्या नाताळात झाडाचे गोळे आणायचं काम माझ्यावर आलं.

झाड म्हणजे चार फुटी, प्लास्टिकचं. मुलगी तिसरीत असताना घेतलेलं. वर्षभर ते माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी पडून असतं आणि डिसेंबरात खाली उतरतं. आजवर त्याच्यावर हाताला लागेल ते चढायचं: मखराच्या उरलेल्या झिरमिळ्या, दिवाळीची माळ, बर्फ म्हणून आईचा वातींचा कापूस. एका वर्षी तर हळदीकुंकवाला लुटून उरलेल्या छोट्या करंड्याही लटकल्या होत्या. कुणाचीच तक्रार नव्हती. पण मुलगी अकरावीत गेली आणि तिने जाहीर केलं की या वर्षी झाड 'थीम'मध्ये होणार.

"कुठली थीम?" मी विचारलं.

"शॅम्पेन अँड ब्लश."

आईने चष्मा काढला. "दारूचा रंग?"

मुलीने फोनवर फोटो दाखवला. आईने तो जवळ नेला, लांब नेला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "हे होय! ही उतरलेली जर. आणि ही विटलेली आबोली. अगं, असल्या दोन साड्या मी बोहारणीला दिल्या. एक पातेलं आलं."

मग मुलीने एकेक रंग काढायचा आणि आईने त्याचं बारसं करायचं, असा कार्यक्रम जेवणापर्यंत चालला. टील म्हणजे मोरपंखी. बरगंडी म्हणजे आमसुली. रोज गोल्ड म्हणजे न घासलेलं तांब्याचं घंगाळ. सेज ग्रीन आला तेव्हा आई जरा थांबली, मग म्हणाली, "कढीपत्ता दोन दिवस ओट्यावर राहिला की होतो ना, तो." मला पहिल्यांदाच रंग समजायला लागले. श्रीखंडी, बदामी, वांगी, डाळिंबी, पोपटी! आपल्याकडचे निम्मे रंग कुणीतरी खाऊन बघितलेले आहेत आणि उरलेले नेसून.

आईचं म्हणणं सरळ होतं. हिरव्या झाडाला डाळिंबी आणि मोरपंखी, वर जरीचा काठ. "सणाला रंग कसा ठसठशीत हवा. हे फिकुटलेलं आजाऱ्यासारखं कशाला?" मुलगी म्हणाली, "आजी, ते लाऊड दिसतं." आई म्हणाली, "सण मुका असतो का?" बायको म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा, मी त्या दिवशी ऑफिसातून उशिरा येईन."

लवाद म्हणून मला काहीतरी माहिती असणं भाग होतं, म्हणून रात्री वाचत बसलो. लाल-हिरव्याची जोडी बरीच जुनी निघाली. जर्मनीत 24 डिसेंबरला आदम आणि हव्वेची आठवण म्हणून झाडाला सफरचंदं टांगायची पद्धत होती. पुढे तिथल्याच लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांनी काचेचे गोळे करायला घेतले. 1848 साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि इंग्रजांच्या घराघरांत झाडाचं वेड शिरलं. ते चित्र काळं-पांढरं होतं. केवढं सुख! ज्या चित्राने झाड एवढं लोकप्रिय केलं, त्यात रंगसंगतीचा प्रश्नच नव्हता.

झाडाला विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडिसनचा भागीदार एडवर्ड जॉन्सन याने, न्यूयॉर्कमध्ये, 1882 साली. 80 दिवे, लाल, पांढरे आणि निळे, आणि झाडही विजेवर गोल फिरणारं. म्हणजे रंग चक्क त्यांच्या झेंड्याचे. हा तपशील मी तेव्हा जरा लक्ष देऊन वाचायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गेलो. मासुंदा तलावाच्या बाजूला सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चची रोषणाई सुरू झाली होती, तलावपाळीवर भेळवाल्यांकडे गर्दी होती आणि बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जांभळी नाक्यावर त्या दिवशी जांभळा सोडून सगळे रंग होते. मी एका दुकानात शिरलो. छतापासून गल्ल्यापर्यंत पिवळ्या दिव्यांच्या माळा पेटलेल्या, त्यांच्याखाली पारदर्शक डब्यांची उतरंड. मी घसा साफ करून, जणू रोजचंच आहे अशा थाटात, "शॅम्पेन आहे का?" म्हणालो.

मला वाटलं दुकानदार हसेल. तो वर न बघता म्हणाला, "मॅट, शायनी की ग्लिटर?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी "मिक्स" म्हणालो. पाणीपुरीवाल्याला 'मिडियम' म्हणतो तसं.

"शॅम्पेनचा शेवटचा डबा आत्ता गेला, साहेब. आयव्हरी घ्या. लाईट लागली की सेम टू सेम. आणि ब्लशच्या जागी पीच. आजकाल सगळे पीचच नेतात." त्याने दोन्ही डबे माळांखाली धरले. देवाशपथ सांगतो, एक शॅम्पेन दिसत होता आणि दुसरा ब्लश. मी दोन डझन घेतले, चार रुपयेही कमी करून घेतले आणि रिक्षात शीळ घालत घरी आलो.

घरी ट्यूबलाईट आहे. डबा उघडला आणि आयव्हरीचा पांढरा झाला. नुसता पांढरा नाही, निळीत बुडवलेल्या धोतरासारखा. पीच निघाला केशरी, झेंडूसारखा. मुलगी क्लासला होती, म्हणून म्हटलं निदान लावून तरी बघू, झाडावर वेगळं दिसेल. झाडावर वेगळंच दिसलं. केशरी गोळे वर लागले होते, पांढरे मधे, आणि खाली प्लास्टिकचं हिरवंगार झाड. तेवढ्यात वॉचमन मेंटेनन्सची पावती द्यायला आला. दारातूनच त्याने झाडाकडे पाहिलं, पाठ थोडी ताठ केली आणि म्हणाला, "साहेब, सव्वीस जानेवारीला अजून महिना आहे ना?"

आईने एवढंच विचारलं, "दाराशी उन्हात नेऊन बघितलास का रंग?"

"आई, रात्रीचे आठ वाजले होते."

"मग सकाळी जायचं. दुकानातल्या दिव्याखाली कुणी रंग घेतं का?"

खरंच की. साडी घेताना ही बाई दुकानाच्या पायरीवर जाऊन पदर उन्हात धरते, हे मी चाळीस वर्षं पाहतोय. पिवळ्या दिव्यात पांढऱ्याचा शॅम्पेन होतो आणि निळ्याचा तर पार धुरकट होतो. तेवढं शिक्षण मला घरातच फुकट मिळालं होतं.

मुलगी आली, झाडाकडे पाहिलं, आणि काही न बोलता खोलीत गेली. पाच मिनिटांत माझ्या फोनवर कार्डाचा ओटीपी आला. मी तो निमूटपणे वाचून दाखवला.

आई मात्र समोरच्या आंटींकडे गेली. आंटींचं माहेर वसईचं. त्यांच्या घरचा नाताळ म्हणजे खरा नाताळ, तेव्हा शास्त्र काय ते त्यांना माहीत असणार, असा आईचा हिशेब. मीही मागे गेलो. आंटी जमिनीवर बसून गोठ्याची तयारी करत होत्या. बाळ येशूचा तो गोठा. त्यासाठी त्यांनी एका जुन्या ताटलीत माती घालून नाचणी पेरली होती. बोटाएवढे कोंब आले होते, पोपटी, दाट, अजून टोकांवर पाण्याचे थेंब. आई ताटलीपाशी बसलीच. "अहो, हे तर आमचे घटच की!" पुढची दहा मिनिटं माती किती, पाणी कधी, ऊन लागू द्यायचं की नाही, यात गेली आणि रंगाचा विषय मलाच काढावा लागला.

"रंग?" आंटी म्हणाल्या. "चर्चमध्ये असतात. आता आगमनकाळ चालू आहे ना, तर फादरांचा झगा जांभळा. तिसऱ्या रविवारी गुलाबी. नाताळला पांढरा, नाहीतर सोनेरी. पण झाडाचं तसं काही नाही, बाबा. झाड सुनेचं खातं. या वर्षी ती नुसतं चंदेरी करतेय. मला विचारलं नाही. मी पण तिला गोठ्याला हात लावू देत नाही."

आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोन सासवांमध्ये जे काही बोलणं झालं ते डोळ्यांनीच झालं.

त्यानंतर तीन दुपारी आई समोरच्या घरात होती. चौथ्या दिवशी ती पिशवी घेऊन आली आणि तिने ती पलंगावर उलटी केली. माझेच दोन डझन गोळे होते, पण ओळखू येत नव्हते. प्रत्येकाला खणाचं कापड घालून, पोटलीसारखा धावदोरा ओढून, वर जरीच्या लेसचं कडं शिवलेलं. अर्धे डाळिंबी, अर्धे मोरपंखी. शिंपिणीकडच्या ब्लाउजपिसांच्या चिंध्या. एका गोळ्याच्या तळाशी शिवण थोडी उसवली होती, तिथून माझा केशरी डोकावत होता.

त्याच संध्याकाळी मुलीचं पार्सल आलं. उतरलेली जर आणि विटलेली आबोली, तीन डझन, मॅट.

घरात थोडा वेळ शांतता होती. मग मी लवादाचा निकाल दिला. झाड खिडकीच्या कोपऱ्यात असतं; हॉलकडची बाजू मुलीची, खिडकीकडची आईची. मुलगी लगेच हो म्हणाली, कारण मागची बाजू दिसणार कुणाला? आईही हो म्हणाली. ती इतक्या पटकन हो म्हणाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खिडकीसमोर दुसरी इमारत आहे आणि खाली रहदारीचा रस्ता.

दोन दिवसांनी समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीने मुलीला फोटो पाठवला. ग्रिलमधून दिसणारं आमचं झाड, डाळिंबी-मोरपंखी, जरीच्या कड्यांवर दिवे चमकताहेत. खाली तिने लिहिलं होतं: 'खण थीम!! कसली भारी आयडिया आहे तुझी!'

मुलीने उत्तरात दोन बदाम पाठवले, हे मी पाहिलं. आयडिया कुणाची, याबद्दल काही लिहिलेलं दिसलं नाही.

त्या रात्री आई झोपल्यावर मुलीने झाड स्टँडसकट फिरवलं. सकाळी उठून बघतो तर शॅम्पेन रस्त्याकडे आणि खण हॉलमध्ये. दुपारी पुन्हा खण रस्त्याकडे. आई म्हणाली, "केर काढताना हललं असेल." जॉन्सनचं झाड विजेवर फिरायचं, आमचं हाताने फिरतंय, दिवसातून दोन फेऱ्या. आंटी सांगतात झाड 6 जानेवारीपर्यंत ठेवायचं असतं. फरशीवर ओरखडे यायला लागले, म्हणून मी स्टँडखाली जुनं पायपुसणं घातलंय. त्याच्या रंगावरून कालपासून दोघी माझ्याशी बोलत नाहीत.