‘शिंग तुटलेला गेंडा दाखवला’ या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार.

आपण लिहिलंय की आमच्या सहलीत शिंग उखडलेला, नाकावर रक्त सुकलेला गेंडा दाखवला, तोही लांबूनच. ‘शिंग परत येतं’ असं सांगून आमच्या गाइडने वेळ मारून नेली, आणि ते शिंग गेंडा सांभाळणाऱ्यांपैकीच कुणीतरी विकलं असणार, असंही आपलं म्हणणं. म्हणून त्या दिवसाचे पैसे परत हवेत.

ते रक्त पाहून आपला जीव कळवळला असणार. पण गाइड खोटं बोललेला नाही. गाय-बैलांच्या शिंगात आतून हाड असतं, गेंड्याच्या नसतं. ते नखांसारखं केराटिनचं, नाकाडावरच्या कातडीतून वाढणारं. बंदिस्त गेंडे गजांवर, भिंतींवर शिंग घासत राहतात. कधी ते अडकतं, कधी धडक बसते आणि मुळापासून निघतं. खालचा जिवंत थर उघडा पडतो, रक्त येतं, दुखतंही. पण जास्त भीती माश्यांची. जखमेवर बसल्या की अळ्या पडतात. म्हणून जखम स्वच्छ ठेवायची, औषध लावायचं आणि जनावराला बुजू द्यायचं नाही. लोकांना लांब थांबवलं ते यासाठीच, आणि ते योग्यच होतं.

तो थर शाबूत असेल तर शिंग पुन्हा फुटतं. फार दुखावला असेल तर वेडंवाकडं येतं. आफ्रिकेत शिकाऱ्यांपासून वाचवायला गेंड्यांची शिंगं मुद्दाम कापतात, ती दीड-दोन वर्षांनी परत कापावी लागतात, इतकी वाढतात. २०१७ साली फ्रान्समधल्या थ्वारी प्राणिसंग्रहालयात घुसून शिकाऱ्यांनी व्हिन्स नावाच्या गेंड्याला मारलं आणि शिंग नेलं. त्यानंतर चेक प्रजासत्ताकातल्या एका प्राणिसंग्रहालयाने आपल्या गेंड्यांची शिंगं स्वतःहून कापून घेतली. भूल देऊन, जिवंत थराला धक्का न लावता.

राहिली विक्री. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा गंभीर गुन्हा आहे. सरकारी कोठारात साठलेली २,४७९ शिंगंसुद्धा आसाम सरकारने २२ सप्टेंबर २०२१ रोजी बोकाखातला जाळून टाकली. जी माणसं त्या जनावराची जखम धुतात, त्यांच्यावर पुराव्याशिवाय चोरीचा आळ घेऊ नये.

पैसे परत देता येणार नाहीत. आणि गाइडसाठी वापरलेला ‘खोटारडा’ हा शब्द आपण काढून टाकावा, ही कळकळीची विनंती.