बदामी नखे प्रत्येक हाताला शोभतात का?

नखांच्या आकाराविषयी एक सल्ला सध्या सर्वत्र फिरतो आहे: बदामी आकार प्रत्येक हाताला खुलतो, बोटे आखूड असतील तर तोच घ्यावा, चौकोनी आकाराने बोटे जाडच दिसतात आणि नख रुंद असेल तर बाजू घासून ते अरुंद करावे. यात सत्याचा अंश आहे, म्हणून तो पटतो. तरीही त्यातील प्रत्येक विधान वेगवेगळे तपासायला हवे.

बदामी आकाराने बोट लांब भासते, हे मान्य. परंतु टोकाकडे निमुळती होत जाणारी कड काढायला बोटाच्या पुढे बऱ्यापैकी वाढलेले नख लागते, आणि ज्या आखूड बोटांसाठी हा आकार सुचवला जातो, त्यांची नखे अनेकदा आखूडच ठेवलेली असतात. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. त्यातही ज्यांची नखे पातळ असतात, टोकाशी पापुद्रे सुटतात किंवा जरा वाढताच दुमडतात, त्यांच्या हातावर हे निमुळते टोक सर्वांत आधी तुटते. नखावर चढवलेल्या जेल किंवा ॲक्रिलिकच्या कृत्रिम थराच्या आधाराने ते टिकेल, पण मग दर काही आठवड्यांनी पार्लरची फेरी आणि तिचा खर्च आला, ज्याचा उल्लेख सल्ला देणारे सहसा करत नाहीत. आखूड नखांसाठी लंबगोल आकार मला अधिक योग्य वाटतो: बाजू सरळ राहतात, फक्त टोक गोलाईने उतरते आणि बोट लांब दिसण्याचा हेतूही बराचसा साधतो.

चौकोनी आकाराला सरसकट नाकारणे तर अन्यायाचेच आहे. आखूड, रुंद नखावर टोकदार कोपऱ्यांचा चौकोन रुंदी ठळक करतो, हे खरे. लांब, सडपातळ बोटांवर मात्र तो रेखीव दिसतो, तर बदामी आकाराने अशी बोटे उलट अधिकच किडकिडीत वाटतात. कोपरे किंचित गोल केलेला चौकोन मजबूतही असतो. नखे जवळपास सरळ कापून कोपरे थोडे गोल करावेत, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते.

बाजू घासण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. नख त्वचेपासून सुटते, त्या दोन्ही कडांवर ताण पडतो. तिथेच ते झिजवले, तर चीर थेट जिवंत भागापर्यंत जाऊ शकते आणि ती वाढून निघून जाईपर्यंत काही महिने थांबावे लागते.

शिवाय या सल्ल्यात हाताच्या कामाचा विचारच नाही. रोज भाकऱ्या थापणाऱ्या किंवा तबला वाजवणाऱ्या हाताला लांब टोक अडचणीचेच ठरते. रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांनी नखांची टोके अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत आणि रुग्णाला हात लावताना कृत्रिम नखे वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तिथे बदामी आकाराचा प्रश्न जवळजवळ निकालातच निघतो.

पहिल्यांदाच आकार ठरवत असाल, तर पार्लरमध्ये आधी कोपरे गोल केलेला चौकोन करायला सांगावा. चौकोनाचा लंबगोल आणि पुरेशी लांबी असल्यास लंबगोलाचा बदाम त्याच बैठकीत करता येतो. बदामाचा पुन्हा चौकोन करायचा, तर नख वाढेपर्यंत थांबावे लागते.