निऑन विझवून बघा

सायबरपंक सिनेमाबद्दल, म्हणजे भविष्यातलं अचाट तंत्रज्ञान आणि त्याखाली भरडली जाणारी साधी माणसं दाखवणाऱ्या सिनेमाबद्दल, एक मत सगळीकडे फिरत असतं: जांभळं निऑन, धो धो पाऊस आणि जपानी पाट्या जमवल्या की झाला सायबरपंक. आत गोष्ट नसतेच. असलीच तर 'यंत्रं माणसाला गिळणार' एवढीच. वर शेपूट असं की 'ब्लेड रनर' 2019 सालात घडतो, ते साल उलटलं, मग उडत्या गाड्या कुठे आहेत? एकेक घेऊ.

आधी निऑन. शिन्या त्सुकामोतोचा 'तेत्सुओ' (1989) कृष्णधवल आहे. एका नोकरदाराच्या अंगातून भंगार लोखंड उगवत जातं आणि निऑनचा कुठे पत्ता नाही. 'रोबोकॉप' (1987) बराचसा दिवसाउजेडी घडतो. अलेक्स रिवेराचा 'स्लीप डीलर' (2008) तर मेक्सिकोतल्या रणरणत्या उन्हात सुरू होतो. नदी कंपनीने धरण बांधून अडवलेली, आणि बापलेक आपल्याच नदीचं पाणी पैसे मोजून आणतात. पुढे हाच मुलगा अमेरिकेच्या सीमेलगतच्या तिहुआना शहरात जाऊन अंगाला वायरी जोडतो आणि अमेरिकेतल्या बांधकामावरचा यंत्रमानव चालवतो. घाम सीमेपलीकडच्या कामाचा, माणूस मात्र अलीकडेच. याला सायबरपंक म्हणायचं नाही तर कशाला?

दुसरं, हा थाट नुसती सजावट आहे म्हणे. पावसाचं अर्धं कारण व्यवहारी होतं, हे कबूल. 'ब्लेड रनर'चा रस्ता म्हणजे बरबँकच्या स्टुडिओतला न्यूयॉर्कचा जुना सेट. रात्र, धूर आणि पाऊस नसता तर त्याचं पितळ उघडं पडलं असतं. पण ब्रॅडबरी बिल्डिंगमधला प्रसंग नीट बघा. इमारत 1893ची, लॉस एंजेलिसमधली, खरीखुरी. सिनेमात ती ओसाड आहे आणि तिथे सेबॅस्टियन नावाचा, कृत्रिम माणसं घडवणाऱ्या कंपनीतला तंत्रज्ञ एकटाच राहतो. काचेच्या छपरावरून जाहिरातीचं अजस्र विमान सरकतं, त्याचे झोत जिन्याच्या लोखंडी कठड्यांवरून फिरतात, भोंगा परग्रहावरच्या वसाहतींत नव्या आयुष्याचं आमिष दाखवतो. सेबॅस्टियनला अकाली वार्धक्याचा आजार, वैद्यकीय तपासणीत नापास, म्हणून तो पृथ्वीवरच अडकलेला. जिथे त्याला कधीच जाता येणार नाही, तिथली जाहिरात त्याच्या घरात उजेड पाडते. सजावटीला एवढं काम कोण सांगतं?

जपानी पाट्यांची तक्रार मात्र मला पटते. त्या काळातल्या हॉलिवूडने भिंती आशियाई अक्षरांनी भरल्या आणि आशियाई माणसांना बहुतेकदा टपरीवर किंवा गर्दीत उभं केलं. पण म्हणून 'अकिरा' (1988) किंवा 'घोस्ट इन द शेल' (1995) यांना त्याच टोपलीत टाकायचं? जपानी दिग्दर्शकाच्या सिनेमात जपानी पाटी असली तर त्यात विशेष काय?

यंत्राच्या भीतीचं म्हणाल, तर 'रोबोकॉप'मधल्या अर्ध्या यंत्र, अर्ध्या माणूस अशा पोलिसाला कायद्याचं पालन करायला बनवलंय, पण त्याच्या डोक्यात एक गुप्त चौथी आज्ञाही भरलेली आहे: त्याला बनवणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करायची नाही. यात यंत्राचा काय गुन्हा? मामोरू ओशिईच्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये एक कचरागाडीवाला आहे. सोबत्याला बायकोबद्दल, मुलीबद्दल सांगत असतो, मुलीचा फोटो दाखवायला काढतो. पुढे चौकशीत पोलीस तोच फोटो त्याच्यासमोर धरतात. त्यात तो एकटाच. बायको नाही, मुलगी नाही. ती आठवणच कुणीतरी त्याच्या मेंदूत घातलेली. ती पुसता येईल का, असं तो विचारतो. खात्री कुणीच देत नाही. स्फोट आणि पाठलाग विसरले जातात. हा माणूस जात नाही डोक्यातून.

राहिल्या उडत्या गाड्या. त्या नाही आल्या, खरंय. पण 'ब्लेड रनर' पुन्हा बघताना खाली रस्त्यावरही नजर टाका. वरून पोलिसांची गाडी उडत जाते, खुद्द नायक डेकार्डची गाडी जमिनीवरून धावते, आणि बाकीचे दांड्यात दिवा असलेल्या छत्र्या धरून पायी चाललेले असतात.