‘ट्रॅक डे की ड्रायव्हिंग स्कूल?’ – दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू सविस्तर लिहिलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमची तक्रार थोडक्यात. नवी कोरी बीएमडब्ल्यू एम२ घेऊन तुम्ही पुण्याहून आमच्या चेन्नईच्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या सर्किटवर चालवायच्या दिवसाला आलात. इन्स्ट्रक्टरने ५,५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर जाऊ दिलं नाही. एका जुन्या फोक्सवॅगन पोलोला वाट द्यायला लावली. तिसऱ्या सत्रात मध्येच पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या थांब्यात) बोलावलं आणि चौथं सत्र दिलंच नाही. पिटमध्ये काम करणारा आमचा मुलगा तुमच्यावर ओरडला. वहिनींना शेजारी बसू दिलं नाही. विमा लागू होत नाही हे घरी परतल्यावर कळलं. एवढं होऊन पैसे परत मागितले तर नकार. आणि शेवटी तुमचा प्रश्न: हा ट्रॅक डे की ड्रायव्हिंग स्कूल?

पैसे परत मिळणार नाहीत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना ती आशा मध्ये यायला नको.

५,५०० हा आकडा आमचा नाही, तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आहे. पहिले २,००० किलोमीटर इंजिन ५,५०० च्या वर न्यायचं नाही, वेग ताशी १७० च्या वर न्यायचा नाही, फुल थ्रॉटल द्यायचा नाही. २,००० ला रनिंग-इन सर्व्हिस, म्हणजे नवी गाडी रुळल्यावरची पहिली सर्व्हिस होते, तिच्यात इंजिन ऑइलबरोबर डिफरन्शियलचंही (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) ऑइल बदलतात. नव्या इंजिनात पिस्टन रिंगा आणि सिलिंडर, तसेच डिफरन्शियलमधले दाते एकमेकांना घासून बसत असतात. त्यातून सुटलेला धातूचा कीस त्या पहिल्या ऑइलमध्ये असतो. तेच ऑइल ट्रॅकवर तापवायचं आणि वळणावळणाला या कडेवरून त्या कडेला फेकायचं, हे गाडी बनवणाऱ्याला नको आहे. मलाही नको आहे.

सकाळी तपासणीत तुमच्या गाडीचं रीडिंग १,४०० किलोमीटरच्या आसपास होतं. पुण्यातून निघालेला एनएच ४८ थेट इरुंगट्टुकोट्टईला, म्हणजे सर्किटच्या दारात पोचतो. हे साडेअकराशेच्या आसपास किलोमीटर तुम्ही स्वतः चालवत आलात, याचं मला खरंच कौतुक आहे. बरेच जण गाडी ट्रेलरवर पाठवतात आणि स्वतः विमानाने येतात. पण रीडिंगमधले बहुतेक किलोमीटर हायवेचेच आहेत, एकाच गिअरमध्ये, एकाच आरपीएमवर. इंजिन बसायला नेमकं तेच उपयोगाचं नाही. फॉर्मवर ‘रनिंग-इन सर्व्हिस झाली आहे का?’ यापुढे तुम्ही ‘हो’ अशी खूण केली होती. विचारल्यावर म्हणालात, ‘झाल्यातच जमा आहे.’ तुम्हाला गेटवरून परत पाठवायचं, किंवा पुस्तकातल्या मर्यादेत चालवू द्यायचं, असे दोनच पर्याय आमच्यापुढे होते. दुसरा निवडला. उद्या दुसरं कोणी असंच आलं तरी तोच निवडेन.

पोलोचं. ती गाडी तुमच्यापेक्षा सहाशेच्या आसपास किलोंनी हलकी आहे, तिच्यावर ट्रॅकचे टायर आहेत आणि ती चालवणारे गृहस्थ या सर्किटवर अनेक वर्षं येतात. ट्रॅक डेला पहिला-दुसरा नंबर नसतो. मागची गाडी जवळ आली की पुढच्याने सरळ पट्ट्यावर हात दाखवून तिला वाट द्यायची. हात दाखवल्याशिवाय कोणी कोणाला ओलांडायचं नाही आणि वळणात तर मुळीच नाही. हा नियम सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगितला होता. त्या वेळी तुम्ही पिट लेनमध्ये गाडीचे फोटो काढत होतात, असं इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं आहे. मी त्यात पडत नाही. एवढंच सांगते की निम्म्या किमतीची सोडा, दहाव्या हिश्श्याच्या किमतीची गाडी पुढे निघून जाणं हा ट्रॅकवर रोजचा प्रकार आहे, आणि बहुतेकांना तो पहिल्या दिवशी झोंबतो.

आता तिसरं सत्र. इथे जरा लांबण लावते, कारण नवी गाडी घेऊन पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला वाटतं.

तुमची गाडी रिकामी साधारण १,७०० किलोची. दोन माणसं आणि पेट्रोल धरून १,८५० च्या घरात. ती ताशी १७० वरून ८० वर आणताना जेवढी ऊर्जा उतरवावी लागते, तेवढ्यात माठातलं पाचेक लिटर पाणी उकळेल. हे होतं तीन-चार सेकंदांत. थोडा वाटा हवा आणि टायर उचलतात, बाकीचा सगळा डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, आणि तिला आवळणारे पॅड यांच्यावर. इथला एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, ३.७ किलोमीटरचा, त्यात असं जोराचं ब्रेकिंग एकदाच येत नाही, आणि सत्र म्हणजे लॅपमागून लॅप. गावात आपण सिग्नलला ब्रेक मारतो आणि पुढचा मिनिटभर डिस्क गार होते. इथे ती उसंतच मिळत नाही.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. एक म्हणजे पेडल मऊ पडतं, पाय खाली खाली जातो. तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डीओटी ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. ओलावा मुरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि पायाचा दाब पॅड आवळणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचण्याऐवजी ती वाफ दाबण्यातच खर्ची पडतो. दुसऱ्या तऱ्हेत पेडल दगडासारखं घट्ट राहतं, पण गाडी थांबत नाही. हे पॅडचं दुखणं. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापला की त्यातल्या रेझिनमधून वायू सुटतो आणि पॅड व डिस्क यांची पकड त्या वायूच्या थरामुळे सुटते. म्हणून नवे पॅड आधी ‘बसवून’ घ्यायचे असतात: मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराचे ब्रेक लागोपाठ मारायचे, आणि मग पूर्ण न थांबता, ब्रेकला हात न लावता गाडी गार होईपर्यंत चालवायची. हायवेवर टोलनाक्याला मारलेल्या ब्रेकनी पॅड तेवढे तापतच नाहीत. तुमचे पॅड १,४०० किलोमीटर जुने होते आणि तरीही कोरे होते.

तुमच्याकडे हा दुसरा प्रकार झाला. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरांना दर लॅपला गाडी थोडी पुढे जाऊन थांबताना दिसत होती. तुम्हाला वाटलं आपण ब्रेक उशिरा मारतोय. मग वास आला आणि त्यांनी पिटमध्ये घ्यायला सांगितलं. ‘अहो, ब्रेक अजून लागतायत,’ असं तुम्ही म्हणालात. लागत होतेच. ते लागत असतानाच आत घ्यायचं असतं. लागायचे बंद झाल्यावर शेजारचा माणूस काय सांगणार?

पिटमध्ये आल्यावर पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता, मी तिथेच उभी होते. तुम्ही गाडी उभी करून पार्किंग ब्रेकचं बटण ओढायला गेलात आणि आमचा मुलगा ओरडला, ‘गिअरमध्ये ठेवा!’ रिव्ह्यूमध्ये तुम्ही त्याला उद्धट म्हटलंय. पार्किंग ब्रेक मागचे पॅड मागच्या डिस्कवर आवळतो. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी आवळलेले राहिले की तिथे पॅडचा थर चिकटतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला गाडी थरथरायला लागते. शेजारच्या पिटमध्ये इंजिन चालू होतं. अशा ठिकाणी हळू आवाजात विनंती केली तर ती ऐकूच येत नाही.

चौथं सत्र का नाही? पॅडच्या कडा राखेसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या, जोडीला दुसरे पॅड तुमच्याकडे नव्हते, आणि त्याच पॅडवर तुम्हाला वहिनींना घेऊन पुण्यापर्यंत परत जायचं होतं. त्या संध्याकाळी तुम्ही हा मुद्दा ऐकून घेतला नाहीत, म्हणून इथे लिहिते. मी तुम्हाला बुद्ध सर्किटला न नेता इथे आणलं याचंच समाधान आहे. ग्रेटर नोएडाचा मागचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे हेच पॅड आणखी लवकर गेले असते.

विमा. आपल्याकडच्या खाजगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापरावरील मर्यादा’ या सदरात संघटित शर्यती, वेगाची चाचणी, विश्वासार्हता चाचणी वगैरे गोष्टी स्पष्ट वगळलेल्या असतात. ट्रॅक डे ही शर्यत आहे की नाही यावर तुम्ही कंपनीशी वाद घालू शकता. आम्ही नवख्यांच्या गटात वेळ मोजत नाही त्याचं एक कारण हेही आहे. पण त्या वादाच्या भरवशावर गाडी ट्रॅकवर आणू नका. कव्हर नाही असंच धरून या. आम्ही हे बुकिंगच्या मेलमध्ये लिहितो आणि फॉर्मच्या दुसऱ्या पानावर त्याखाली वेगळी सही घेतो. तुमची सही आमच्याकडे आहे. ती इथे टाकणार नाही. वॉरंटीचंही पुस्तक एकदा वाचा, ट्रॅकवरच्या वापराबद्दल त्यातही काही ना काही लिहिलेलं असतं.

फी कशाची घेतो, तर सर्किटच्या भाड्याची, मार्शलांची, रुग्णवाहिका आणि डॉक्टरांची, अग्निशमनाच्या गाडीची, बंद पडलेली गाडी ओढून आणणाऱ्या ट्रकची, इन्स्ट्रक्टरची. तुम्ही एक लॅप मारा की चाळीस, ही मंडळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असतात. रुग्णवाहिका कोणाला घेऊन बाहेर गेली तर ती परत येईपर्यंत ट्रॅक बंद राहतो. त्या दिवशी तशी वेळ आली नाही, यात तुमच्या न झालेल्या चौथ्या सत्राचाही थोडा हातभार आहे असं माझं मत आहे.

आणि हो, ड्रायव्हिंग स्कूलचं. नवख्यांचा गट हा बराचसा ड्रायव्हिंग स्कूलच असतो, जाहिरातीतही आम्ही तेच लिहितो. तुमच्या पहिल्या दोन सत्रांबद्दल इन्स्ट्रक्टरांनी जे टिपून ठेवलंय ते चांगलं आहे: नजर लांब ठेवता, स्टिअरिंगवर हात शांत असतात, ब्रेकवरून पाय एकदम काढता तेवढं सोडून. रिव्ह्यूत हे आलं नाही म्हणून मी लिहिते.

पुढच्या हंगामात यायचं असेल तर रनिंग-इन सर्व्हिसचं बिल घेऊन या. ब्रेक ऑइल नवं आणि जास्त उत्कलनबिंदूचं भरून घ्या, पॅड ट्रॅकला चालतील असे, आणि ते आधी बसवलेले. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट घरी ठेवलीत तर काढायला लावल्याची तक्रार उरणार नाही. ती सरकून पेडलखाली अडकते, म्हणूनच काढतो. पुढच्या टो-हुकची (बंद पडलेली गाडी ओढायचा हुक) जागा आधी बघून ठेवा. तेव्हा आरपीएमची मर्यादा आम्ही घालणार नाही. नवख्यांच्या गटात सकाळी शेजारची सीट इन्स्ट्रक्टरची असते. दुपारनंतर वहिनी बसू शकतात: बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, हेल्मेट आमच्याकडून. फॉर्मवर त्यांचीही सही लागेल, दुसऱ्या पानावर.